पाण्याचा दिवस

वाहतं पाणी दिसलं की सोलापूरचा माणूस आधी नळ शोधतो. बंद करायला.

दसऱ्याच्या सुट्टीत पंढरपूर, कराड, पाटण करत चिपळूणला निघालो होतो. कोयनानगर मागं पडलं, कुंभार्ली घाट लागला आणि एका वळणावर कातळातून करंगळीएवढी धार पडताना दिसली. कुणीतरी फटीत चिरलेला बांबू खोचून पन्हळ केली होती. गाडी थांबवली. आई खाली उतरली, धार बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, हे असंच चाललंय की!"

"खाली वाशिष्ठीला मिळतं, मग अरबी समुद्रात."

"समुद्रात? मग भर की!"

झालं. गाडीतल्या बाटल्या, थर्मास, शेंगाचटणीचा रिकामा झालेला डबासुद्धा (तो तीनदा विसळला, तरी पाण्याला लसणाचा वास राहिलाच). माझं म्हणणं, वर माकडं आहेत, उकळल्याशिवाय पिऊ नका. ऐकतंय कोण! ओंजळीतलं पाणी मीही प्यालोच. दात शिवशिवले.

खडक म्हणाल तर आमच्याकडचाच, काळा बेसाल्ट. पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून उतरत जातं, मध्ये घट्ट थर लागला की आडवं सरकतं आणि डोंगराची कड आली की बाहेर पडतं. पाऊस थांबला तरी मुरलेलं पाणी सावकाश येत राहतं. सोलापूर पडलं सपाट. तिथं त्याला कड कुठली? म्हणून आम्ही बोअर पाडतो. तीनशे फुटांवर फुफाटा, चारशेवर आणखी फुफाटा, मग शेजाऱ्याच्या बोअरकडं बघत बसायचं. पिण्याचं येतं ते शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या उजनीतून, तेही काही दिवसांआड. आमच्या घरी कॅलेंडरवर एकादशीपेक्षा पाण्याच्या दिवसाची खूण मोठी असते.

शेवटची बाटली धारेखाली धरली आणि आईचा फोन वाजला. घाटात रेंज कशी मिळाली देव जाणे. शेजारच्या वहिनी.

"काकू, पाणी आलंय! आज आपला दिवस नव्हता, तरी आलंय. चावी हाय माझ्याकडं, मोटर लावू का?"

"लाव लाव! आन् बॅरल आधी विसळून घे गं. मागची घागर विसरू नको. आणि ती पितळी..."

आई फोनवर ओरडत होती, आम्ही सगळे तिच्याकडं बघत होतो. बाटली भरून कधीची वाहत होती.