भजी संपल्यावरचं प्रात्यक्षिक

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अध्यक्षांचं मनोगत, ते दरवर्षीचंच. आमच्या मंडळाच्या डिसेंबरातल्या संमेलनात गर्दी व्हायला हवी ती नंतरच्या, किनाऱ्यावर वाहून आलेल्या लाकूड-शिंपल्यांतून वस्तू करायच्या प्रात्यक्षिकाला. होते भजीला. गेल्या खेपेस दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या, प्रात्यक्षिकाला चाळीस माणसं उरली!

जे थांबतात त्यांना रापणकार (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे) काका ऐकायला मिळतात. गोव्यात केरीला, तेरेखोल नदीच्या मुखाशी पावसाळ्यात लागलेला एखादा ओंडका ते टेबलावर घेतात आणि बोटांच्या पेरांनी वाजवत जातात. टणक वाजलं तिथे खडूची खूण. बद्द वाजलं की थांबतात, "हांगा किड्यांचें घर आसा." मग करवत. आत बोटाएवढ्या नळ्या, पांढऱ्या चुन्याचं अस्तर लावल्यासारख्या. हा किडा खरं तर शिंपल्यांच्या जातीचा, हे ऐकून पोरं हटकून पुढे सरकतात. तिथे ड्रिल लावलं तर लाकूड फुटतं, म्हणून आधी वाजवायचं.

मग कृती. लाकूड आठ दिवस गोड्या पाण्यात, पाणी रोज बदलून. मीठ राहिलं तर दमट हवेत ते ओलावा ओढतं, फेविकॉल सुटतो, खिळे गंजतात. जोडायला तांब्याची तार, ३ मिमीचं भोक. वाळवायचं सावलीत, उन्हात तडकतं. किनाऱ्यावर लागणाऱ्या काळ्या तेलकट डांबरी गोळ्यांचा डाग खोबरेल तेलाने निघतो, पण मागाहून साबणाने धुतलं नाही तर गोंद धरत नाही. शिंपले व्हिनेगरमध्ये घालू नयेत, चुना विरघळून तुकतुकी जाते. नायलॉनचं जाळं कात्रीने कापलं की उसवतं. तापल्या सुरीने कापावं, तेही उघड्यावर, धूर वाईट. प्रवाळाला हात लावायचा नाही, १९७२चा वन्यजीव कायदा आहे. आणि कासवांच्या अंड्यांच्या दिवसांत मोरजीच्या किनाऱ्यावर लाकूड-शिंपले वेचायला जायचं नाही, हे काका दोनदा सांगतात.

आभार दरवर्षी घाईत उरकतात, म्हणून इथे सगळे: टेम्पोवाला, ड्रिल उसनं देणारे मेस्त, पिंपं देणारी शाळा, आठही दिवस पाणी बदलायला येणाऱ्या दोघी वहिनी, माइकवाला, रांगोळीच्या मुली, भजी तळणाऱ्या काकी (त्यांचा दोष नाही), आणि गेल्या स्मरणिकेत राहून गेलेला, रात्री एकट्याने खुर्च्या आवरणारा वॉचमन. आणखी कुणी सुटलं असेल तर सचिवांना सांगा, रुसून बसू नका.