अंजनेरी: माथा गाठण्याआधी पठारावर रेंगाळा

नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने निघालं, सातपूर आणि महिरावणी मागे पडलं की डाव्या हाताला अंजनेरीचा कडा अंगावर येतो. उंची साधारण ४२०० फूट. हनुमानाचा जन्म इथला अशी श्रद्धा असल्याने वर्षभर भाविक चढत असतात, आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी त्यांच्या जोडीला शहरातली तरुण मंडळीही. बहुतेक जण तडक माथ्यावर जातात, अंजनीमातेचं दर्शन घेतात, फोटो काढतात आणि जेवायच्या वेळेला घरी परततात. या डोंगराची खरी श्रीमंती मधल्या पठारावर आणि त्याच्या कड्यांवर आहे. ती बघायची तर अख्खा दिवस हाताशी ठेवा.

आम्ही भाद्रपदात गेलो. पाऊस ओसरलेला असतो पण पाणी आटलेलं नसतं, म्हणून फुलांसाठी हा काळ उत्तम. श्रावणात जायचं असेल तर सोमवार टाळा. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लोटणाऱ्या गर्दीने त्र्यंबक रस्ता भरून वाहतो. हनुमान जयंतीला तर गडावरच पाय ठेवायला जागा नसते.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाणारी एसटी किंवा सिटीलिंकची बस पकडायची आणि अंजनेरी फाट्यावर उतरायचं. फाट्यापासून पायऱ्यांपर्यंत तीन-चार किलोमीटरची वाट आहे, गावातून जाणारी आणि पुढे चढणीची. स्वतःची गाडी असेल तर पायथ्यापर्यंत जाते, पण पावसात त्या चढावर दुचाकी जपून घाला. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती घ्यायची आणि ती जपून ठेवायची. पाणी खालूनच भरून घ्या. नाक्याजवळ काकड्या विकायला बसलेल्या आजींनीही आम्हाला तेच बजावलं, "बाई, बाटल्या भरून घ्या इथंच, वर दुकानाचा भरवसा नाही." काकडीला त्यांनी लावून दिलेलं तिखट-मीठ मात्र घरी करून बघितलं तरी तसं होत नाही.

सुरुवातीच्या पायऱ्या एका घळीतून चढतात. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मधे गारवा, आणि वाटेत डोंगरात कोरलेलं जैन लेणं. तिथे दोन मिनिटं थांबाच. माकडांचा त्रास मुख्यतः याच टप्प्यात होतो. हातात पिशवी नको, खाऊ सॅकमध्ये खोल ठेवा, आणि त्यांना काही खायला घालू नका. माणसाच्या हातून खायची सवय लागली की जंगलातली फळं-पानं शोधायची त्यांची सवय मोडते आणि मग ती माणसांच्याच मागे लागतात.

घळ संपली की पठार. पहिल्या नजरेला तिथे काहीच नाही असं वाटतं: काळा कातळ, गवत, मधूनमधून पाण्याची डबकी, बाजूला झाडीचा पट्टा. आमच्या सोबत वनस्पतिशास्त्र शिकवणारी एक मैत्रीण होती. ती चालताचालता मधेच गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "उभ्याने नाही दिसायचं, खाली बस." ओल्या कातळावर जेमतेम बोटभर उंचीची, निळसर जांभळी फुलं पसरली होती. सीतेची आसवं. माती इथे इतकी पातळ की तिच्यातून पोषण मिळणं मुश्किल. म्हणून या वनस्पतीने वेगळीच सोय केली आहे. जमिनीलगतच्या मुळांसारख्या तंतूंना बारीक, टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवीचं तोंड उघडतं, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि तिथेच पचतो. वर इतकं नाजूक फूल आणि खाली शिकारीचा सापळा! थोडं पुढे गेल्यावर सोनकीने एक अख्खा उतार पिवळा केला होता, ओघळींच्या कडेने तेरडा होता. कारवीला मात्र फुलं नव्हती, ती काही वर्षांच्या अंतराने एकदाच फुलते.

ज्या वनस्पतीमुळे अंजनेरीचं नाव वनस्पतिशास्त्रात गेलं ती आहे सेरोपेजिया अंजनेरिका, आपल्याकडच्या कंदीलपुष्पांपैकी एक. २००६ साली ती नवीन जात म्हणून जगासमोर आली आणि नाव मिळालं ते या गडाचं. अतिशय दुर्मीळ, अतिशय छोट्या टापूत उरलेली. कंदीलपुष्पाचं फूल म्हणजे वर झुंबरासारखं तोंड आणि खाली अरुंद नळी. वासाने ओढली गेलेली चिलटं नळीत उतरतात, पण आतले केस खालच्या दिशेने वळलेले असल्याने त्यांना परत वर येता येत नाही. ती आत धडपडतात, परागकण अंगाला चिकटतात, आणि पुढे केस सुकले की त्यांची सुटका होते. जमिनीत या झाडांचा कंद असतो. डोंगराकडेची माणसं पूर्वापार तो खोदून खात आली आहेत, आणि गुरांनाही ही कोवळी झुडपं आवडतात. तरी एका गावकऱ्याने भुकेपोटी उकरलेल्या कंदाची तुलना शहरातल्या शेकडो बुटांशी मी करणार नाही. फोटोसाठी वाट सोडून गवतात घुसणं हा आज मोठा धोका आहे. तुम्हाला हे झाड दिसलं तर फोटो जरूर काढा, पण नेमकं ठिकाण कुठेही टाकू नका.

या सगळ्यामुळे २०१७ साली अंजनेरीचं ५.६९ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. ही तरतूद वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आली. ती सरकारी जमिनीसाठी आहे. जाहीर करण्याआधी स्थानिक लोकांशी सल्लामसलत करावी लागते, आणि कारभार पाहणाऱ्या समितीत ग्रामपंचायतीचेही प्रतिनिधी असतात. नाशिक जिल्ह्याला हा मार्ग नवा नाही. राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र २००८ मध्ये आपल्याच बोरगडला झालं, पुढे येवल्याकडे ममदापूरला काळविटांसाठी झालं. मला अभयारण्यापेक्षाही ही पद्धत अंजनेरीसाठी जास्त योग्य वाटते, कारण इथे गाव, देवस्थान आणि जंगल एकमेकांत मिसळलेले आहेत.

पठाराच्या कडेला, काठापासून सुरक्षित अंतर ठेवून, निदान अर्धा तास शांत बसा. दुर्बीण असेल तर आणा. लांब चोचीची गिधाडं इथल्या कड्यांमधल्या कपारींत घरटी करतात. आम्ही बसलो होतो तिथून एक गिधाड आमच्या पायांच्या पातळीखालून गेलं, म्हणजे त्याची पाठ आम्हाला वरून दिसली: फिकट तपकिरी, पंखांच्या टोकांना सुट्या बोटांसारखी पिसं. पंख एकदाही न हलवता ते कड्याला धरून वळलं. वर्षाला एकच अंडं घालणारा हा पक्षी. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेली गुरं मेल्यावर ती खाऊन देशभरात तो झपाट्याने संपत गेला. ते औषध जनावरांसाठी २००६ मध्ये बंद झालं, केटोप्रोफेन आणि अॅसेक्लोफिनॅक ही तशीच घातक औषधं २०२३ मध्ये. हिवाळा हा विणीचा काळ. तेव्हा गेलात तर कड्याजवळ ढोल, स्पीकर, ड्रोन अजिबात नको. दचकून पक्षी उठला की अंडं उघडं पडतं.

माथ्याप्रमाणे पठारावरही अंजनीमातेचं एक मंदिर आहे, पुढे सीता गुहा आणि मोठं तळं. तिथून दुसरा चढ माथ्यावर नेतो. आभाळ मोकळं असेल तर माथ्यावरून ब्रह्मगिरी समोर उभा दिसतो आणि नाशिकच्या पाण्याचा हिशोब लागतो. ब्रह्मगिरीवर निघालेली गोदावरी पूर्वेला वळून बंगालच्या उपसागरापर्यंत १४६५ किलोमीटर जाते, तर याच डोंगररांगेच्या दुसऱ्या अंगाला उगम पावणारी वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे उतरते. शहरातून वाहणारी नासर्डी आणि वालदेवी याही त्र्यंबक-अंजनेरी रांगेच्याच लेकी. सप्टेंबरात पठारावरचं गवत पिळलं तर हाताला पाणी लागतं. तेच पाणी पुढे महिनोन्‌महिने झऱ्यांतून खाली झिरपत राहतं.

म्हणूनच मुळेगावकडून गडावर रस्ता नेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा नाशिककर निसर्गप्रेमींनी विरोध केला. ब्रह्मगिरी-अंजनेरी रोपवेच्या बाबतीतही तेच झालं. वृद्ध भाविकांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. त्यांच्यासाठी पायऱ्या नीट करा, डोलीवाल्यांना रोजगार द्या, बसायला सावली करा. पण कातळावरचा वीतभर मातीचा थर एकदा यंत्राने खरवडला की तो परत आणता येत नाही, आणि त्यावरच्या वनस्पतींना जायला दुसरी जागा नाही.

उतरताना पाय सावकाश टाका. शेवाळलेल्या पायऱ्यांवर चढण्यापेक्षा उतरणंच अवघड, त्यामुळे चांगल्या पकडीचे बूट हवेत, चप्पल नको. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चांगल्या चालीने अडीच-तीन तास लागतात. पठारावर रेंगाळायचं तर सकाळी सातला चढायला सुरुवात करा आणि अंधाराच्या आत खाली या, परिसरात बिबट्याचा वावर आहे. धुकं दाटलं तर कड्याकडे जाऊ नका, वाटेवरच थांबा. रेनकोट, सुके मोजे, कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी एवढं पुरे.

खाली आल्यावर तासभर उरला तर गावातली बाराव्या शतकातली पडकी मंदिरं बघा. जैन मंदिरातला शिलालेख शके १०६३, म्हणजे इसवी सन ११४१ चा, सेऊणचंद्र यादवाच्या काळातला. गावाजवळच नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं नाण्यांचं संग्रहालयही आहे. मुलं सोबत असतील तर आधी संग्रहालय आणि मग डोंगर असा क्रम लावू नका. चढाला उशीर होतो आणि घळीच्या तोंडाशीच ऊन गाठतं.