झेंडा कुठे जमा करायचा?

"इथे जमा नाही होत." खिडकीतल्या बाईंनी पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. पिशवीत आमच्या सोसायटीचा तिरंगा होता.

2022 मध्ये ध्वजसंहिता बदलली आणि झेंडा रात्रीही फडकवता येऊ लागला. आमच्या कमिटीने त्याचा अर्थ 'रोज उतरवायची कटकट गेली' असा घेतला. सेक्रेटरी मी, तेव्हा दोष माझाही. दोन पावसाळे खादी गच्चीवर भिजली, वाळली, आणि मोकळ्या टोकाला चिंध्या लोंबू लागल्या. फाटका झेंडा लावायचा नसतो एवढं माहीत होतं. उतरवला. पुढे काय?

वॉचमनकाका म्हणाले, सरकारी ऑफिसात घेत असतील. तिथेच फसलो. तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर, तिथून पोलिस चौकीत. हवालदारसाहेबांनी विचारलं, "हरवलाय की सापडलाय?" परत ऑफिसात. आता म्हणे अर्ज द्या. 'जीर्ण राष्ट्रध्वज जमा करून घेणेबाबत' असा विषय लिहून दोन प्रती दिल्या, आवकचा शिक्का घेतला. आठ दिवसांनी साहेब मीटिंगला. परत गेलो तर साहेब जेवायला. अकराव्या दिवशी साहेब भेटले आणि म्हणाले, "हा विषय आमच्याकडे येतच नाही." मग शिक्का कशाला मारला होता?

त्या दिवशी साहेबांची वाट बघताना बाकावर बसून मोबाईलवर ध्वजसंहिता वाचली, जी पहिल्या दिवशीच वाचायला हवी होती. खराब झालेला ध्वज टाकून द्यायचा नाही. खाजगीत, संपूर्ण, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राहील अशा दुसऱ्या रीतीने नष्ट करायचा. ऑफिस, अर्ज, परवानगी, एक शब्द नाही! मात्र 'खाजगीत' हा शब्द नीट वाचा. लोकांसमोर झेंडा जाळणं हा 1971 च्या कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून गच्ची बाद. समोरच्या बिल्डिंगमधून कोणीतरी व्हिडिओ काढणारच.

बहिणीच्या बंगल्यामागे भिंतीआड जागा आहे, तिथे पहाटे गेलो. घडी घालायला दोघं लागतात, एकट्याने केलं की टोक जमिनीला टेकतं. मी आधी चादरीसारखी घातली तर अशोकचक्र आत गेलं. बरोबर रीत अशी: झेंडा आडवा धरून केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग पांढरा असा दुमडायचा की वर चक्र आणि केशरी-हिरव्याचा थोडा भाग दिसेल. न्यायचा तो दोन्ही तळहातांवर. मी अकरा दिवस पिशवीतून नेत होतो, आठवलं की लाज वाटते.

खादी कागदासारखी भरभर पेटली. दोरीजवळचा लाकडी तुकडा मात्र बराच वेळ धुमसत होता, तो पूर्ण जळेपर्यंत बहीण आणि मी, दोघंही काही न बोलता उभे होतो. राख तगरीच्या मुळाशी पुरली.

हो, राहिलंच. तुमचा झेंडा पॉलिस्टरचा असेल तर जाळायच्या फंदात पडू नका, वितळून ठिबकतो आणि काळा धूर होतो. स्वच्छ कापडात गुंडाळून, पेटीत ठेवून पुरलेला बरा.

नवा झेंडा नांदेडच्या खादीचा आणलाय. संध्याकाळी उतरवायची पाळी या महिन्यात माझी.