बंदुकीचा परवाना जिल्ह्यापुरता झाला, त्याचं अपील

आमचं घर ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, आणि शेती शेजारच्या जिल्ह्यात. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बाबू मंडळी अजून तीच आहेत आणि पुढच्या नूतनीकरणाला मला त्यांच्याच खिडकीपाशी उभं राहायचंय. शेतावर जुनं घर आहे, मतदार यादीत आमची नावं तिथलीच, त्यामुळे वडिलांच्या बारा बोअरच्या दुनळीचा परवानाही तिथलाच. वडिलांनी सत्तरी ओलांडली तेव्हा तो माझ्या नावावर करून घेतला. 2016 च्या आयुध नियमांत तशी सोय आहे: परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिलं, तर तो हयात असतानाच वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. तो भाग बिनबोभाट पार पडला.

घोळ झाला नूतनीकरणात. पुस्तिका परत आली, पुढच्या पाच वर्षांची मुदत पडलेली, शिक्का आहे, सही आहे. पण क्षेत्राच्या रकान्यात आधी ‘संपूर्ण मध्य प्रदेश’ होतं, ते लाल शाईने खोडून खाली लिहिलं होतं ‘जिला सीमा तक’. शेजारी कोणाची तरी अर्धवट सही. तारीख नाही, आदेशाचा क्रमांक नाही.

ज्याचं घर आणि शेत एकाच जिल्ह्यात आहे त्याला यात काही वाटणार नाही. माझी मात्र पंचाईत झाली. धान विकायचं डबऱ्याच्या मंडीत, म्हणजे ग्वाल्हेर जिल्ह्यात. रोख रक्कम घेऊन निघायचं ते संध्याकाळी, आणि बंदूक बरोबर हवी ती नेमकी त्याच वाटेवर. आता हद्दीचा दगड ओलांडला की अटीचा भंग. आयुध अधिनियमाच्या कलम 30 खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कलम 17 प्रमाणे तेवढ्या कारणावरून परवानाही रद्द करता येतो. म्हणून बंदूक तिथल्याच परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली, पावती घेतली आणि महिन्याचं भाडं भरत बसलो.

खिडकीवर विचारलं तर उत्तर मिळालं, “भाईसाहब, लाइसेंस तो रिन्यू हो गया न? अब क्या दिक्कत है?” मित्रांनी आपापल्या परीने मार्ग सुचवले. एकाने आमदाराचं पत्र आणतो म्हटलं, दुसऱ्याचा कोणी मावसभाऊ भोपाळला मंत्रालयात. आमच्या चंबळच्या बाजूला बंदुकीच्या कामात शब्द टाकणारे पैशाला पासरी मिळतात. आणि प्रशासन हात आखडता घेतं त्यालाही कारण आहे, हे कबूल करायला हवं. वरातीत नळी वर करून बार उडवणारे इथे कमी नाहीत. 2019 च्या दुरुस्तीने अशा हर्ष फायरला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला, तरी लग्नसराईत कान टवकारलेलेच असतात. कलेक्टर कडक असावा या मताचा मीही आहे. फक्त त्याने का ते सांगावं.

वडिलांचे स्नेही एक वकीलकाका आहेत, हायकोर्टाच्या ग्वाल्हेर खंडपीठात वकिली करतात. त्यांनी पुस्तिका चष्म्याजवळ नेऊन बघितली आणि म्हणाले, “अपील कशाविरुद्ध करणार बाळा? खाडाखोडीविरुद्ध? आधी आदेश हातात आण.”

मग त्यांनी कलम 17 काढून दाखवलं. परवान्याच्या अटी बदलायचा अधिकार परवाना देणाऱ्याला आहेच, त्यावर वाद नाही. पण पोटकलम 5 म्हणतं की बदल केला तर कारणं लेखी नोंदवली पाहिजेत, आणि परवानाधारकाने मागितली तर त्यांचा गोषवारा त्याला दिला पाहिजे. लोकहिताला बाधा येते असं वाटलं तरच नाकारता येतो. सगळी गोम ‘मागितली तर’ यात आहे. आपण मागत नाही, आपण विनवण्या करतो. मी ओळखीपाळखीत घालवलेल्या वेळाचं फलित शून्य होतं, आणि काकांनी सांगितलेल्या अर्जात जेमतेम चार ओळी होत्या: अमुक क्रमांकाचा परवाना, क्षेत्र कमी केलं आहे, कलम 17(5) प्रमाणे आदेशाची नकल आणि कारणं द्यावीत. अर्ज आवक शाखेत दिला, माझ्या प्रतीवर शिक्का घेतला. शिक्क्याची प्रत जपून ठेवा, पुढे तीच कामाला येते.

उत्तर आलं नाही. मग माहितीच्या अधिकारात नस्तीतल्या (फायलीतल्या) टिपणीची आणि पोलीस अहवालाची प्रत मागितली, ती मुदतीच्या काठावर मिळाली.

अहवाल अर्ध्या पानाचा होता. त्यात दोन मुद्दे. पहिला: अर्जदार बहुतेक काळ ग्वाल्हेरला राहतो, शेतीपुरता येतो, त्यामुळे जिल्ह्याबाहेर शस्त्राची गरज दिसत नाही. हे मी दोनदा वाचलं. माणूस जिल्ह्याबाहेर राहतो, सबब त्याला जिल्ह्याबाहेर संरक्षण नको! दुसरा मुद्दा जास्त अडचणीचा. बांधावरून शेजाऱ्याशी जुनी बाचाबाची झाली होती, मारहाण आणि धमकीचा गुन्हा दाखल झाला होता, तो अहवालात ‘पंजीबद्ध’ म्हणून नोंदवलेला. पुढे काय झालं त्याचा पत्ता नाही. वास्तविक ते प्रकरण लोकअदालतीत आपसांत मिटलं होतं, आणि 2024 पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320(8) प्रमाणे अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच व्हायचा. तो शेजारी आता आमच्याच बोअरचं पाणी घेतो. अहवालाखाली टिपणी एका ओळीची: ‘प्रतिवेदन अनुसार क्षेत्र सीमित किया जाए।’

एवढं हातात आल्यावर अपील उभं राहिलं. कलम 18 खाली कलेक्टरच्या आदेशावरचं अपील संभागायुक्तांकडे, म्हणजे विभागीय आयुक्तांकडे जातं, मुदत तीस दिवसांची. माझी मुदत कधीपासून मोजायची यावर वाद होऊ शकला असता, म्हणून काकांनी विलंब माफीचा अर्ज आधीच जोडला आणि कारण म्हणून तोच शिक्क्याचा कागद लावला. बरोबर खसरा (जमिनीचा उतारा), मंडीच्या पावत्या, ग्रामपंचायतीचा दाखला आणि लोकअदालतीच्या आदेशाची प्रमाणित नकल. फी चलनाने भरली.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. अपील दाखल केलं म्हणजे मूळ आदेश थांबत नाही. संभागायुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर तो लागूच राहतो. आम्ही स्थगिती मागितली, मिळाली नाही. दुनळी दुकानातच राहिली आणि त्या हंगामातलं धान मी मंडीत पैसे थेट खात्यात घेऊन विकलं. आधीच तसं का करत नव्हतास, असं बायकोने विचारलं. मजुरांना आणि ट्रॅक्टरवाल्याला रोखच लागते, हे माझं उत्तर तिला फारसं पटलं नाही.

संभागायुक्तांचं कार्यालय मोती महालात. एकेकाळी इथे मध्य भारताची विधानसभा भरायची. आता उंच छताखाली पक्षकार पिशव्या मांडीवर घेऊन पुकाऱ्याची वाट बघतात. जिल्ह्याकडून उत्तर येईना, म्हणून तारखा पडत गेल्या.

सुनावणीच्या आधी काकांनी बजावलं होतं, “‘माझा हक्क आहे’ हे तोंडातून काढायचं नाही.” 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नावर बोलताना स्पष्ट म्हटलं होतं की अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही. आपल्याकडे आहे तो कायद्याने दिलेला परवाना, आणि त्यामुळे भांडायचं तेही कायद्याने सांगितलेल्या रीतीवर. आदेशाला कारण आहे का, आणि ते नस्तीतल्या कागदांवर टिकतं का, एवढंच.

पेशी पाचेक मिनिटांत आटोपली. साहेबांनी लोकअदालतीचा कागद बघितला, मग मान वर करून मलाच विचारलं, “ग्वालियर में बंदूक रखते कहाँ हैं?” हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. खरं तेच सांगितलं: नळ्या आणि दस्ता सुटे करून लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्या खोलीत वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या माझ्याकडे. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. सरकारी बाजूने अहवालच वाचून दाखवला. काकांनी दोनच वाक्यं म्हटली: प्रकरण मिटल्याचा उल्लेख अहवालात नाही, आणि अट बदलण्याआधी माणसाला विचारलं नाही.

निकाल पूर्ण आमच्या बाजूने लागला असं म्हणता येणार नाही. अट बदलल्याचा आदेश रद्द झाला आणि प्रकरण पुन्हा निर्णयासाठी जिल्ह्याकडे गेलं: म्हणणं ऐका, सकारण आदेश काढा. तेव्हा मी हिरमुसलो होतो, फिरून त्याच खिडकीवर जायचं म्हणून. पण दुसऱ्या फेरीचा नूर वेगळा होता. रीतसर नोटीस आली, ठाण्याकडून नवा अहवाल मागवला गेला, त्यात तडजोडीची नोंद आली. आदेशही आला, क्रमांक आणि तारखेसकट: क्षेत्र संपूर्ण मध्य प्रदेश. सोबत काडतुसांचा वर्षाचा कोटा मात्र निम्म्यावर आणला होता, आणि त्याचं कारणही लिहिलं होतं, आधीच्या वर्षांतली खरेदी नगण्य आहे म्हणून. ते खरंच आहे. वकीलकाका म्हणाले, यावरही तीस दिवसांत अपील करता येईल. मी म्हटलं, राहू दे, आणि विक्रेत्याचं थकलेलं भाडं चुकतं करून बंदूक घेऊन आलो.