पॅलेटचा बाक

आज दिवसभर अंगणात लाकूडकाम. एमआयडीसीतल्या भंगारवाल्याकडून आणलेल्या पॅलेटचा (माल ठेवायला-उचलायला वापरतात त्या फळ्यांच्या लाकडी चौकटीचा) बाक केला, आबांसाठी. संध्याकाळी निंबाखाली बसायला त्यांना प्लास्टिकची खुर्ची अजिबात आवडत नाही.

खरा वेळ लाकूड निवडण्यात द्यावा, असं माझं ठाम मत आहे. परदेशी माल घेऊन आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड तापवलेलं: गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. ते फुकट मिळालं तरी घरी आणू नका. तेलाचे, केमिकलचे डाग असलेलंही नको.

फळ्या उपटल्या की चिरतात, कारण खिळे बहुतेक पिळाचे असतात. म्हणून फळी आणि ठोकळ्याच्या फटीत हॅक्सॉचं (लोखंड कापायच्या करवतीचं) पातं घालून खिळेच कापले. हात भरून आले, पण फळ्या अखंड निघाल्या! मग पॉलिश पेपर, नटबोल्ट आणि जवसाचं तेल. (तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नक्कीच.) पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे ठेवलेत, वाळवी आणि ओल दोन्हींसाठी.

आबा बसले, पाठ टेकली, म्हणाले, “चांगला शे.” मला फार बरं वाटलं.

जळगाव-भुसावळकडे कुणाकडे एचटी शिक्क्याच्या पॅलेट पडून असतील तर कळवा. आईला कुंड्यांसाठी मांडणी हवी आहे.