आमची वाटचाल : घडीच्या चाकूची म्यानं

‘पातं तर मुठीतच मिटतं, मग वर आणखी म्यान कशाला?’ हा प्रश्न आम्हाला अजूनही विचारला जातो, आणि तो रास्तच आहे. सरळ पात्याच्या सुरीला म्यान नसेल तर हात कापेल. घडीच्या चाकूचं म्यान मात्र बोटं वाचवायला नसतं. चाकू खिशात किल्ल्यांवर घासू नये, पट्ट्याला जागच्या जागी राहावा आणि हवा तेव्हा एका हाताने निघावा, एवढ्यासाठी ते असतं. सगळा खेळ पकडीचा. धंद्यात आम्ही जे जे ठरवत गेलो ते बहुतेक या पकडीपायीच.

सुरुवात कमरेच्या पट्ट्यांपासून झाली. मी आणि धाकटा भाऊ पट्टे आणि हत्यारांच्या पिशव्या शिवायचो. कातडं क्षेत्रफळावर विकत घ्यावं लागतं, पण ते काही चौकोनी येत नाही. पाठीचा भाग घट्ट असतो, त्यातून लांब पट्टे निघतात. पोटाकडचा भाग सैल, ताणला जाणारा. पट्टे काढून झाले की पाठीचेच चांगले पण आखूड तुकडे ढिगाने उरायचे. पिशवी न्यायला आलेल्या एका सुताराने त्यातलाच एक तुकडा उचलून विचारलं, ‘याचं माझ्या चाकूला घर होईल का?’ आखूड तुकड्यांना काम मिळालं ते तेव्हापासून. आज उलट झालंय : म्यानांसाठी कातडं घेतो, आणि उरल्यातून किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या करतो.

बाजारात मिळणारं बहुतेक चामडं क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर कमावलेलं असतं. ते मऊ, लवकर तयार होणारं, रंगालाही चांगलं. पिशवीला उत्तम, म्यानाला मात्र आम्ही ते वापरत नाही. झाडांच्या सालींतल्या टॅनिनवर कमावलेलं, म्हणजे व्हेज टॅन चामडं ओलं करून दाबलं की तो आकार वाळल्यावरही धरून ठेवतं. क्रोमचं चामडं तसा धरत नाही. जाडीचं माप या धंद्यात औंसात सांगतात. 1 औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, साधारण 0.4 मिलिमीटर. सरळ सुरीला 3 मिलिमीटरच्या वरचं लागतं. घडीच्या चाकूला आम्ही 2 ते 2.5 वापरतो, कारण त्याहून जाड झालं की चाकूपेक्षा म्यानच खिशात जास्त जागा खातं.

आता मापाबद्दल, कारण निम्मा धंदा तिथेच आहे. गिऱ्हाईक लांबी सांगतं. लांबीने काहीच ठरत नाही. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचे 91 मिलिमीटरचे चाकूच घ्या : आत दोन थर असोत की सहा, लांबी तीच, जाडी मात्र कितीतरी वेगळी. ओपिनेल या फ्रेंच चाकूचं तर आणखी निराळं. त्याची बीचच्या लाकडाची मूठ गोलसर, मध्ये फुगलेली, मागे निमुळती. चपट्या चाकूचा फर्मा तिला लागूच पडत नाही. म्हणून आम्ही लांबीबरोबर घेर मागतो. कागदाची पट्टी चाकूच्या सर्वांत जाड जागी गुंडाळायची, जिथे एकावर एक येते तिथे खूण करायची आणि उलगडून मोजायची. त्या मापात आम्ही चामड्याची जाडी आणि टाक्याची कड धरतो. खिशाची क्लिप असेल तर क्लिपसकट घेर हवा. पण क्लिपच्या चाकूला म्यान हवंच का, हे आम्ही आधी विचारतो. 1981 साली स्पायडर्को या अमेरिकन चाकू कंपनीने आपल्या ‘वर्कर’ चाकूला क्लिप लावली आणि ती चाल पुढे सगळीकडे पसरली. ज्याला क्लिप पुरते त्याला आम्ही म्यान गळ्यात मारत नाही.

आकार देण्याचं काम अजून मीच करतो. शिवलेलं म्यान कोमट पाण्यात बुडवलं की त्यातून बुडबुडे येतात. ते थांबले की बाहेर काढून ठेवायचं. वरचा काळपटपणा उतरून मूळ रंग परतू लागला, तरी हाताला गार लागतंय, ही दाबायची वेळ. चाकूला पातळ प्लास्टिक घट्ट गुंडाळून आत सरकवायचा आणि हाडाच्या गुळगुळीत पट्टीने कडेकडेने दाबत जायचं. इथे हौस आवरावी लागते. मुठीचा प्रत्येक खिळा नि खाच उठवली तर म्यान फोटोत देखणं दिसतं, पण चाकू प्रत्येक उंचवट्यावर अडकतो. आम्ही फक्त बाहेरची रेघ उठवतो. मग सावलीत वाळवणं. हीटरजवळ ठेवलं तर चामडं आक्रसून कडक, ठिसूळ होतं.

वाळल्यावर परीक्षा एकच : म्यान उलटं धरून झटकायचं. चाकू पडता कामा नये, आणि दोन बोटांनी ओढला की आला पाहिजे. नवं म्यान थोडं आवळच देतो, वापराने ते सैलावतंच. तेल चोपडू नका असं बजावतो ते याचसाठी. तेलाने चामडं नरमतं आणि पकड जाते. कडा मेणाने घोटलेल्या असतात, तेवढं पुरे.

शिलाईचं मशीन आमच्याकडे आहे, पट्ट्यांसाठी. म्यान हातानेच शिवतो : एकच मेणवलेला दोरा, दोन टोकांना दोन सुया, आरीने पाडलेल्या एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोर. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा आणि खालचा दोरा वेगळे असतात. एक घासून तुटला की शिवण सुटत जाते. हाताच्या टाक्यात एक तुटला तरी शेजारचे धरून राहतात. शिवणाऱ्या मावशींचा हात माझ्याहून सरळ चालतो, म्हणून आता तोंडाचे टाके, जिथे सगळ्यात जास्त ताण येतो, तेही त्याच घालतात. माल हळू तयार होतो. मोठ्या ऑर्डरी आम्ही नाकारतो त्या याच कारणाने.

झाकण आणि टिचबटण मागणारे पुष्कळ. देतो, पण बटणाच्या मागच्या बाजूवर आतून पातळ चामडं चिकटवून, नाहीतर धातू मुठीवर ओरखडे काढतो. माझं मत विचाराल तर उघड्या तोंडाचं बरं, चाकूचं टोक दीड-दोन सेंटिमीटर वर राहिलेलं. बसून काम करणाऱ्याला पट्ट्यावर आडवं घ्या म्हणतो, उभं म्यान बरगडीला टोचतं. डावखुऱ्यांसाठी फर्मा उलटा करून कापतो, त्याचे जादा पैसे घेत नाही.

कार्बन स्टीलचं पातं असेल तर चाकू म्यानात घालून महिनोन्‌महिने कपाटात ठेवू नये. चामडं हवेतला ओलावा धरतं आणि गंज चढतो. वापरताना म्यानात, ठेवताना बाहेर, अशी चिठ्ठी आम्ही प्रत्येक म्यानाबरोबर घालतो.

उसवलेले टाके आणि ढिलं झालेलं बटण आम्ही फुकट दुरुस्त करून देतो. सैलावलेलं म्यान पुन्हा भिजवून आवळता येतं, पण त्यासाठी चाकू सोबत पाठवावा लागतो. नुसत्या मापावर ते काम होत नाही.