ओरसंगच्या वाळवंटातून: बोडेली ते तेजगढ, फोर-बाय-फोरने

बडोद्यात घर बांधलेल्या कुणालाही ओरसंग नदीची रेती ठाऊक असते. छोटा उदेपूरकडच्या ग्रॅनाइटची झीज होऊन आलेली ही जाड, कोनदार कणांची रेती काँक्रीटला उत्तम, पण चाकाला अवघड. तिच्यातून पाणी झपाट्याने निथळतं. ओली असेपर्यंत ती घट्ट धरते, कोरडी झाली की कण एकमेकांवरून सरकतात. म्हणून या नदीत सकाळी आठचा रस्ता आणि दुपारी दोनचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते समजावेत. आमच्या दोन थार आणि एक जिम्नी, अशा तीन फोर-बाय-फोर गाड्या जानेवारीत गेल्या होत्या. खालची माहिती पुढे जाणाऱ्यांसाठी.

पहाटे साडेपाचला बडोदा सोडलं की केळणपूर, डभोई करत सातच्या सुमारास बोडेली येतं. अंतर साधारण ७० किलोमीटर, रस्ता डांबरी. टाकी बोडेलीतच भरून घ्यावी, कारण रेतीत मायलेज निम्म्यावर येतं. बोडेलीहून छोटा उदेपूर आणखी ३५ किलोमीटर, तेजगढ त्याच वाटेवर. हा हमरस्ता, जाबुगाम आणि पावी जेतपूरवरून जाणारी रेल्वे आणि ओरसंग एकाच पट्ट्यातून जातात, त्यामुळे पात्रात कुठेही असलात तरी पक्का रस्ता फार लांब नसतो. शनिवारी छोटा उदेपूरचा हाट असतो. त्या दिवशी सगळा रस्ता जीपा आणि टेम्पोंनी भरलेला असतो, तेव्हा दुसरा वार पाहावा.

पात्रातून सलग तेजगढपर्यंत जाता येत नाही. मध्ये बंधारे, डोह आणि शेतीचे तुकडे आहेत. वाळवंटातून, म्हणजे पात्रातल्या कोरड्या रेतीतून काही अंतर, मग वर काठाच्या गाडीवाटेला, मग पुन्हा खाली, असंच जावं लागतं. जीपीएसचा ट्रॅक मुद्दाम देत नाही. दर पावसाळ्यात नदी पात्र हलवते, आणि मागच्या वर्षीच्या ट्रॅकवर या वर्षी दोन पुरुष खोल पाणी असू शकतं.

काठाची दरड पोयट्याची आणि जवळजवळ उभी आहे. उतरायला बैलगाड्या आणि ट्रॅक्टरने पाडलेल्या घसरणीच तेवढ्या वापरायच्या. तिथे गुरं राखणारा कुणी भेटला तर ‘गाडी जाईल का?’ विचारू नये, त्याचं उत्तर नेहमी ‘जाईल’ असंच येतं. काल इथून ट्रॅक्टर गेला का, भरलेला होता की रिकामा, आणि पलीकडे कुठे चढला, असं विचारावं. एवढ्यातून निम्मं चित्र कळतं. मात्र ट्रॅक्टरचं मागचं चाक मोठं आणि पोट उंच असतं. तो गेलेल्या खोल चाकोरीत मधला उंचवटा आपल्या डिफरन्शियलला (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याला) टेकतो. अशा ठिकाणी एक चाक उंचवट्यावर आणि एक चाकोरीबाहेर ठेवून उतरावं.

उतरताना फोर-लो (चारही चाकांना ताकद, पण संथ आणि जोरदार), पहिला गिअर, नाक सरळ खाली. अर्ध्यावर वळायला गेलं की गाडी आडवी होते आणि कलंडते. उतरण्याआधी वर येण्याच्या दोन जागा पायी जाऊन पाहून ठेवाव्यात. चढ उतारापेक्षा नेहमीच कठीण, कारण माथ्यावरची माती वाहतुकीने पिठासारखी झालेली असते आणि चाक तिथेच फिरतं.

हवा वरच्या घट्ट जमिनीवरच कमी करावी. रस्त्यावर ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर थारला १८, जिम्नी हलकी म्हणून तिला १६. हवा कमी केल्याने टायर रुंद होतो असं पुष्कळांना वाटतं, पण खरा फायदा टायरचा जमिनीवरचा ठसा लांब होण्यात आहे. १८ वर वेग ताशी ४० च्या आत आणि वळणं मोठी घ्यायची. १२ च्या खाली गेलं की तीव्र वळणावर टायर रिममधून निसटू शकतो. कॉम्प्रेसर बॅटरीला थेट क्लिपा लावून चालणारा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोठा कॉम्प्रेसर लावला की फ्यूज उडतो.

रेतीत फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाने), दुसरा गिअर, ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून असलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बंद. ते चालू राहिलं तर चाक फिरताच इंजिनाची ताकद कापली जाते आणि नेमक्या गरजेच्या क्षणी गाडी मरते. पाय एकसारखा ठेवायचा. थांबायचं असेल तर ब्रेक मारू नये, पाय काढून गाडी आपोआप थांबू द्यावी, म्हणजे चाकांपुढे रेतीचा ढीग जमत नाही. थांबताना नाक उताराकडे असावं. कोरड्या रेतीत पुढच्या गाडीच्या चाकोरीतूनच जावं, ती दाबली गेलेली असते. गाळाचा भेगाळलेला पापुद्रा आला की उलट करायचं. पहिल्या गाडीने पापुद्रा फोडलेला असतो, म्हणून दुसरीने शेजारून नवी वाट घ्यायची. पुढची गाडी घट्ट जागेवर पोचेपर्यंत मागच्यांनी हलू नये.

आता या नदीतला खरा धोका. रेती उपसून झालेले जुने खड्डे ओरसंगमध्ये जागोजागी आहेत. पावसाळ्यात ते बारीक रेती आणि गाळाने वरवर भरतात आणि दुरून आजूबाजूच्या वाळवंटासारखेच सपाट दिसतात. ओळखण्याच्या खुणा आहेत. भोवतीची रेती जाड आणि भुरकट असताना मधेच गुळगुळीत, गडद, बारीक मातीचा डाग दिसतो. त्यावर गुरांचे खूर नसतात किंवा कडेकडेने वळून गेलेले असतात. जवळपास पोकलेनने (खोदकामाच्या यंत्राने) टाकलेला गोट्यांचा ढीग असतो आणि डंपरच्या रुंद चाकोऱ्या अचानक संपतात. अशा जागी काठी घेऊन चालत जावं. पाच फुटांची काठी एका हाताने अर्धी आत गेली तर ती जागा गाडीची नाही. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची कड आतून पोखरलेली असते, तेव्हा तिच्यापासून निदान पाच मीटर दूर राहा. जिथे यंत्रं आणि डंपर चालू आहेत तिथे जाऊच नये, आणि अंधारात पात्रात उतरू नये.

पाणी ओलांडायला नदीला उतार, म्हणजे पार करण्याजोगी उथळ जागा, कुठे आहे ते आधी पायी पाहावं. रुंद पसरलेलं, बारीक लाटांचं, खळखळ वाजणारं पाणी उथळ आणि तळाला घट्ट असतं. शांत, काळसर पाणी म्हणजे डोह. वळणाच्या बाहेरच्या काठाला नदी नेहमी खोल असते. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर दुसरी जागा शोधा. थार ६५० मिलीमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते, पण तो आकडा तळ स्थिर धरून आहे. रेतीच्या तळावर उभ्या गाडीच्या चाकांखालून वाहतं पाणी रेती उपसून नेतं आणि काही मिनिटांत गाडी एक्सलपर्यंत बसते. म्हणून प्रवाहात थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही. किंचित प्रवाहाच्या दिशेने तिरकं जायचं आणि पलीकडची चढण मोकळी असल्याची खात्री आधी करायची.

गाडी रुतली आणि पुढे सरकेनाशी झाली की त्याच सेकंदाला पाय काढा. आणखी एक झटका म्हणजे आणखी अर्धा फूट खाली. स्टिअरिंग सरळ आहे ना, ते खिडकीतून चाकाकडे बघून ठरवा, कारण वळलेलं चाक नांगरासारखं रेती ढकलतं. पहिला प्रयत्न आपल्याच चाकोरीतून मागे येण्याचा. जमलं नाही तर हवा आणखी खाली, १२ पर्यंत. मग फावड्याने चारही चाकांपुढची आणि पोटाखालची रेती काढायची. पोट टेकलेलं असताना रिकव्हरी बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या) घालून काही उपयोग होत नाही. बोर्ड चाकाखाली घट्ट खोचून फोर-लोमध्ये हळू बाहेर. जॅक रेतीत रुततो, त्याच्याखाली १८ मिलीमीटर प्लायवुडचा दीड फुटी चौकोन हवाच.

दोर लावायची वेळ आली तर कायनेटिक दोर (ताणला जाणारा लवचिक दोर) चॅसीला बोल्ट केलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच (ओढण्यासाठीच्या कडीलाच), वजनाचं रेटिंग असलेल्या शॅकलने (पिन घालून बंद होणाऱ्या लोखंडी कडीने). बंपरमधून आत फिरवायचा हूक सरळ, संथ ओढण्यापुरता असतो, झटक्याने तो सुटून गोळीसारखा येतो. दोरावर जाड चादर टाका आणि माणसांना दोराच्या दीडपट लांबीवर उभं करा. ट्रॅक्टर बोलावला तर पैसे आधी ठरवा आणि ट्रॅक्टरवाल्या भाईंना दोर ताणून मग हळू ओढायला सांगा. त्यांना झटका द्यायची सवय असते.

मोसम डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर रेती सैल होते आणि वाळवंटात टरबूज-काकडीचे वाफे आलेले असतात, त्यांच्यात चाक घालणं म्हणजे कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न तुडवणं. गावकऱ्यांनी पिण्याच्या पाण्यासाठी रेतीत खणलेले झिरेही असतात, त्यांच्यापासून लांबून जा. जून ते ऑक्टोबर पात्रात उतरू नये. ओरसंगचा उगम मध्य प्रदेशात भाबऱ्याकडे आहे. तिकडे पाऊस झाला की बोडेलीला ऊन असतानाही पूर येतो. उत्तरेला जांबुघोडा अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय रस्ता सोडायचा नाही.

तेजगढहून परतताना डभोईजवळ वढवाणा तलावाला वळावं. सयाजीरावांच्या काळात बांधलेला हा तलाव जोजवाच्या बंधाऱ्यावरून ओरसंगच्याच पाण्याने भरतो. २०२१ पासून तो रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आहे आणि हिवाळ्यात राजहंसांनी (बार-हेडेड गूज) गजबजतो. गाडी बाहेर ठेवून पाळीवरून चाला.

डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत ३२ करा. पोटाखाली अडकलेलं लव्हाळं आणि वाळलेलं गवत तिथेच हाताने काढा, विशेषतः सायलेन्सर आणि डीपीएफजवळचं (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर). डिझेल गाडीत रीजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळणं चालू असताना गवत पेट घेऊ शकतं. घरी आल्यावर डिस्क आणि कॅलिपर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, एअर फिल्टर झटका, आणि एक्सल पाण्यात बुडाले असतील तर दोन्ही डिफरन्शियलचे प्लग उघडून तेल बघा. दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय, ते त्याच आठवड्यात बदला.